पिठीसाखरेवरचा जावई

आमच्या सासूबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते वाक्य असं होतं: "शिलाई वाकडी आहे."

झिंडेलफिंगेनमधल्या त्यांच्या इमारतीखाली मी नवी कोरी गाडी लावून, हातात फुलं धरून, लग्नाची मागणी घालायला आलेल्या माणसाने उभं राहावं तसा उभा होतो. माझी होणारी बायको शेजारी होती, ओळख करून द्यायच्या तयारीत. बाई जिना उतरून आल्या. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ गाडीचं दार उघडलं, आत वाकल्या, सीटच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि बाहेर येऊन निकाल दिला. गाडी कुठल्या खात्यात जुळते, तिथे मी काय करतो, ह्याचं मी जर्मनमध्ये पाठ करून आणलेलं भाषण तसंच राहिलं. फुलं मात्र त्यांनी घेतली. देठ तपासून, दोन काढून टाकून घेतली.

बाईंनी उभं आयुष्य गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात घालवलं. पोलंडमधून नवऱ्याबरोबर तरुणपणी इकडे आल्या आणि शिलाईच्या खात्यात लागल्या त्या थेट निवृत्त होईपर्यंत. नवरा मध्येच गेला, मशीन सुटलं नाही. अजूनही टॅक्सीत बसल्या की आधी शिवण तपासतात, मग पट्टा लावतात. एकदा डॉक्टरकडे बसलेलो असताना शेजारच्या खुर्चीची शिवण उसवलेली दिसली. लगेच पर्समधून सुई-दोरा निघाला. नर्सने नाव पुकारलं तर ह्यांनी मान वर न करता सांगितलं, "डॉक्टरांना म्हणावं, थांबा." आणि डॉक्टर थांबले हो! जर्मनीत डॉक्टरला थांबवणारी दुसरी बाई मी अजून पाहिलेली नाही.

मी त्यांना 'मामा' म्हणतो. पोलिश माणसं आईला मामाच म्हणतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमची आई सांगलीहून फोनवर कडाडली होती, "सासूला मामा? मग सासऱ्याला काय मावशी म्हणणार होतास?" बाई मला 'हेर इंजेनिऊर' म्हणतात, इंजिनिअरसाहेब. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. बाई देवाशी आणि पिठाशी पोलिश बोलतात, सरकारशी आणि माझ्याशी जर्मन. प्रत्येक हुकमाच्या आधी 'आल्झो' येतो, म्हणजे 'तर मग'. आल्झो आला की आमच्या घरात सगळे उठून उभे राहतात.

पण ह्या बाई खऱ्या बघाव्यात त्या डिसेंबरात, स्वयंपाकघरात, कोवाच्की करताना.

कोवाच्की म्हणजे पोलिश लोकांची नाताळातली जॅमची बिस्किटं. लोणी, क्वार्क म्हणजे इकडचा चक्का, आणि मैद्याचं पीठ पातळ लाटायचं, चौकोन कापायचे, मधोमध जॅम ठेवायचा आणि समोरासमोरचे दोन कोपरे आत ओढून एकमेकांवर मिटवायचे. उरलेली दोन तोंडं उघडी, तिथून जॅम दिसला पाहिजे. भाजून झाल्यावर वरून पिठीसाखर. ऐकायला सोपं आहे. खरी मेख त्या मिटवण्यात. ओव्हनमध्ये गेली की ही बया फुगते आणि नीट मिटवलेली नसेल तर कोपरे टणाटण सुटतात, जॅम पसरतो, आणि हाती येतो तो नुसता डागाळलेला चौकोन.

बाईंची कोवाच्की सुटत नाहीत. गावातल्या पोलिश चर्चमध्ये ह्याची ख्याती आहे. नाताळाआधीच्या रविवारी प्रार्थनेनंतर हॉलमध्ये सगळ्या बायका आपापल्या ताटल्या मांडतात, आणि आमच्या बाईंची ताटली आली की बाकीच्या जरा सरकवून तिला जागा केली जाते. त्यांचा नियम ठरलेला: "उघडी पडलेली घरची, मिटलेली लोकांची." एक कोपरा केसाएवढा जरी उचललेला असला तरी ते कोवाच्की उंबऱ्याबाहेर जात नाही. ते आम्ही खायचं.

पीठ मुरवायला त्या फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. "फ्रिजला थंडी कळते, हिवाळा कळत नाही," असं त्यांचं म्हणणं. फडक्यात बांधून बाल्कनीच्या कठड्याला टांगतात. इमारतीच्या हाउसमाइस्टरने, म्हणजे देखभाल करणाऱ्या माणसाने, एकदा हरकत घेतली. कठड्याला काही टांगायचं नाही, नियम आहे. बाई म्हणाल्या, गेनाऊ, अगदी बरोबर, नियम पाहिजेच, आणि त्याच्या हातात कालची उघडी पडलेली चार कोवाच्की ठेवली. आता तो डिसेंबरात खालून जाताना मान वर करून गाठोडं जागेवर आहे ना ते बघतो.

ह्या कामात हुद्दे असतात. सगळ्यात खाली साखर. त्यावर जॅम. मग चौकोन कापणं, मग लाटणं. आणि सगळ्यात वर मिटवणं. ते फक्त बाईंचं. बढती कुणी मेलं किंवा गाव सोडून गेलं तरच. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात मी मोठ्या उत्साहाने बाह्या सरसावून म्हणालो, "मामा, मला लाटता येतं. मी पोळ्या करतो." बाई म्हणाल्या, "छान. पोळ्या कर," आणि माझ्या हातात साखरेची चाळणी दिली.

बोला आता! आमच्याकडे जावई म्हणजे दहावा ग्रह. धोंड्याच्या महिन्यात त्याला पाटावर बसवून चांदीच्या ताटातून अनारसे देतात. इथे मी वर्षानुवर्षं पिठीसाखर चाळत उभा. कंपनीत माझ्या हाताखाली माणसं आली, वरच्या साहेबांच्या मीटिंगांना बोलावणी येऊ लागली, घरात मात्र चाळणी सुटेना. कहर म्हणजे आमची तारा शाळेत जायला लागली तशी आजीने तिला थेट जॅमवर घेतलं. मी जॅमच्या बाटलीकडे नुसता हात नेला तर पोरगी म्हणाली, "पापा, डू बिस्ट झुकर." म्हणजे, बाबा, तू साखर. ही आमची कन्या. मराठी सगळं कळतं, पण बापाला हुद्दा दाखवते तो जर्मनमधून.

मला करंज्याही येतात, पण ती गोष्ट मी कधी काढलीच नाही. पोळीला जे उत्तर मिळालं ते ऐकल्यावर कशाला काढतोय? मीही सांगलीचा आहे, मला मान आहे. म्हटलं, चाळणी तर चाळणी.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुमाराला बाईंच्या काही सवयी बदलल्या. कॉफीचा कप त्या अर्धाच भरून घ्यायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "भरलेला कप हावरट लोक पितात." बटणांचे ब्लाउज गेले, चेनचे आले. फोटो काढताना हात कोटाच्या खिशात. एकदा माझ्या बाहीचं बटण तुटलं तेव्हा मी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हणाल्या की सुई हरवली. ह्या बाईची सुई हरवते? त्यांचे हात थरथरायला लागले होते. आम्हाला दिसत होतं आणि आम्हाला दिसतंय हे त्यांनाही कळत होतं. बायको एकदा "मामा, डॉक्टरला..." एवढंच म्हणाली, तर मामा उठून झाडांना पाणी घालायला गेल्या. झाडांनाही अर्धंच.

त्याच डिसेंबरात आमची आई पहिल्यांदा थंडीत इकडे आली. दोन विहिणी समोरासमोर! आई मराठीशिवाय काही बोलत नाही, पण मोठ्याने बोललं की कुठल्याही देशात कळतं असा तिचा समज आहे. बाईंचंही पोलिशबद्दल हेच मत. दोघींचं छान चालायचं. "विहीणबाई, गुडघे कसे आहेत?" असं आईने ओरडून विचारायचं आणि बाईंनी पोलिशमध्ये खिडकीबाहेरच्या बर्फाबद्दल बोलायचं. दोघीही समाधानी.

कोवाच्कीच्या दिवशी बाईंनी आईला सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसवलं, हातात कॉफी दिली आणि कशालाही हात लावू दिला नाही. विहीण म्हणजे पाहुणी. तो मान त्या पाळणारच. आई मला म्हणाली, "अरे, मी काय गौर आहे का बसवून ठेवायला? काहीतरी दे की करायला!" मी म्हटलं, "गप बस. इथे मलाही फक्त साखरच चाळायला मिळते."

बायको लाटत होती, कापत होती, तारा जॅम ठेवत होती आणि बाई आमच्याकडे पाठ करून मिटवत होत्या. नेहमी त्या आमच्याकडे तोंड करून उभ्या राहतात. पहिला ट्रे ओव्हनमध्ये गेला. बाईंनी नेहमीसारखं स्टूल ओढलं आणि काचेसमोर बसल्या. घड्याळ त्या लावत नाहीत, बघत बसतात.

आधी एक कोपरा उचलला. मग त्याच्या शेजारचा. मग टप टप टप, सगळा ट्रे उघडला. बाई हलल्या नाहीत. बायको घाईघाईने म्हणाली, "जॅम पातळ झाला असेल."

"जॅम मी शिजवलाय," बाई म्हणाल्या.

दुसरा ट्रे त्यांनी फार वेळ घेऊन मिटवला. तोही उघडला. तेव्हा त्या उठल्या, एप्रन काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला. "आल्झो. ह्या वर्षी ताटली जाणार नाही. पुढच्या वर्षीही नाही." आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

ही ताटली म्हणजे बिस्किटं नव्हती हो. परक्या देशात येऊन, नवरा गेल्यावर पोरीला एकटीने वाढवून ह्या बाईने जे नाव कमावलं ते त्या ताटलीवर होतं. ती बंद झाली की बाई हॉलमध्ये पाऊल टाकणार नाहीत आणि हॉल सुटला की मैत्रिणी सुटणार, हे आम्हा दोघांना लख्ख दिसत होतं. आम्ही दारापाशी जाऊन विनवण्या करायला लागलो. बायको पोलिशमधून, मी जर्मनमधून. दार तसंच बंद.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म केकाटायला लागला.

धावत जाऊन बघतो तर आई आणि तारा टॉवेलने धूर हाकलतायत. टेबलावर जॅम ठेवलेले चौकोन तसेच राहिले होते. आईला वाटलं, सुटतायत ना? मग नीट मिटवायला नकोत का? तिने एकूण एक चौकोन दुमडून पक्का बंद केला, कडेने सुरेख मुरड घातली आणि ताराला खुणेने ओव्हन दाखवला. ट्रेमध्ये करंज्या होत्या. टुमटुमीत फुगलेल्या, एकीचीही मुरड सुटलेली नाही, पण वाफेने सगळ्यांच्या बुडाला भोकं पाडलेली आणि सगळा जॅम खाली वाहून कोळसा झालेला.

मागे दार उघडलं. बाई आल्या. मी हात लांब करून अलार्म बंद केला. बाई ट्रेकडे बघत राहिल्या. आईने पदर सावरला आणि ठणकावून विचारलं, "मिटल्या की नाही, विहीणबाई?"

बाईंनी एक करंजी उचलली, मोडली, आत पाहिलं. "जॅम कुठाय?" मी ट्रेच्या तळाकडे बोट दाखवलं. बाईंचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, आता रडतात. पण त्या हसल्या! खुर्चीला धरून, डोळे पुसत, खोकला येईपर्यंत हसल्या. आईही हसायला लागली. कशाला हसतोय हे तिला ठाऊक नव्हतं.

हसू आवरल्यावर त्यांनी दुसरी करंजी उचलली आणि मुरडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत. "ही शिवण सरळ आहे," त्या हळू म्हणाल्या. "कुणी शिकवली?"

मी ते आईला मराठीत विचारलं. आई म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? आमच्याकडे सगळ्यांना येतं. ह्यालासुद्धा येतं. दिवाळीत माझ्याबरोबर बसायचा. ह्याची मुरड माझ्या जावेपेक्षा सुबक!"

मी ट्रे खरवडायला घेतला. "सांग की त्यांना!" आई ओरडली. सांगितलं.

बाईंनी माझ्याकडे वळून नखशिखांत पाहिलं. "हेर इंजेनिऊर. तुला हे येतं. आणि इतकी वर्षं तू माझ्या घरात साखर भुरभुरत उभा आहेस?"

"मामा, मी पोळीचं म्हणालो होतो तेव्हा तुम्ही..."

"पोळीला शिवण नसते," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. उघडे, सगळ्यांसमोर. हात थरथरत होते, त्याबरोबर टेबलावरचा चमचाही बशीत किणकिणत होता. त्यांनी तो थांबवला नाही. "हे आता ऐकत नाहीत माझं," एवढंच म्हणाल्या. बायकोने तोंड फिरवलं. आईला भाषेची गरज पडली नाही. तिने उठून विहिणीचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि तशीच उभी राहिली.

"आल्झो," बाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळे ताठ झालो. त्यांनी स्वतःचा एप्रन माझ्या गळ्यात घातला. मागची गाठ त्यांना जमेना, ती ताराने मारली. "जॅम झाकायचा नाही. गोडात लपवून देतात ते औषध. खाणाऱ्याला दिसलं पाहिजे काय खातोय ते. कळलं?"

नवीन पीठ लाटलं. बाई माझ्या मागे खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. शर्टातून ती थरथर मला सारखी जाणवत होती आणि तोंडाने हुकूम सुरू होते. कोपरा ओढ, ताणू नकोस. खालच्या कोपऱ्याला अंड्याच्या पांढऱ्याचा थेंब. दुसरा वर आण. दाबू नकोस! माझा अंगठा करंजीच्या सवयीचा, तो जोरात बसायचा. "जड!" कानाशी आवाज. पुढचं. "जड!" पुढचं. "जड, पण बरं." घामाने माझी पाठ भिजली. पदवीच्या तोंडी परीक्षेला मी इतका घाबरलो नव्हतो.

ट्रे आत गेला. बाई स्टुलावर, त्यांच्यामागे आम्ही चौघं काचेतून डोकावत. पीठ फुगायला लागलं. एक कोपरा जरासा उचलला. आई पुटपुटली, "बस रे बाबा खाली." तो तिथेच थांबला. बाकीची मिटलेली राहिली. सोनेरी झाली तरी मिटलेली. तारा टाळ्या वाजवून नाचायला लागली. बाईंनी ट्रे बाहेर काढायला लावला, एकेक कोवाच्की उचलून पाहिलं आणि दोन ढिगारे केले. घरचा लहान, लोकांचा मोठा. साखर कुणी घालायची असा प्रश्न आला. बाईंनी चाळणी आईच्या हातात दिली. विहीणबाई साखरेवर लागल्या, खालच्या पायरीपासून, रीतसर.

रविवारी ताटली हॉलमध्ये गेली. बायकोने आणि मी गाडीतच ठरवलं होतं की कोणी केली हे आपण बोलायचं नाही. कशाला बोलायचं? बाईंचं पीठ, बाईंचा जॅम, बाईंचं नाव. हॉलमध्ये नेहमीप्रमाणे बाकीच्या ताटल्या सरकल्या. एक उंच, हॅट घातलेल्या आजी आल्या. ह्यांची आणि बाईंची चढाओढ लग्नाआधीपासून मी ऐकत आलोय. त्यांनी एक कोवाच्की उचललं, उलटंसुलटं करून बघितलं, खाल्लं आणि पोलिशमध्ये म्हणाल्या, "तुझे हात अजून तसेच आहेत ग." मला पोलिश कामापुरतं कळतं, हे वाक्य पूर्ण कळलं. भोवतालच्या बायकांनी माना डोलावल्या. बाईंनी फक्त हसायचं होतं. मी खिडकीकडे बघायला लागलो.

"माझे नाहीत," बाई म्हणाल्या. मशिनांच्या गोंगाटात आयुष्य गेलेला आवाज तो, शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. त्यांनी खिशातून हात काढला, थरथरता, सगळ्या मैत्रिणींसमोर, आणि माझं मनगट पकडून माझा पंजा ताटलीशेजारी पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवला. "हे. माझा जावई."

बायका वाकून वाकून बघायला लागल्या. हॅटवाल्या आजींनी माझा अंगठा धरून उलटा करून तपासला. बाईंनी माझं मनगट सोडलं नव्हतं. त्यांची बोटं माझ्या हातावर थरथरत होती आणि त्या मान ताठ ठेवून उभ्या होत्या. बापरे, काय दिसत होत्या! मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की छाती फुटेल असं झालं. त्यांनी पोलिशमध्ये आणखी एक वाक्य जोडलं. बायका हसल्या, हॅटवाल्या आजींनी दुसरं कोवाच्की उचललं.

आईने कोपराने ढोसलं. "काय म्हणाल्या रे विहीणबाई?"

"म्हणाल्या, ह्याचा अंगठा अजून जड आहे."

"मग?" आई म्हणाली. "त्यात रडतोस काय?"